अ‍ॅटॉमिकमध्ये धावतं, टायमिंगमध्ये अडतं

प्रश्न : सर, मी फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी जेम-फाइव्ह या कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरमध्ये सीपीयू आणि मेमरीच्या मधे बसणारा, विनंत्या थोडा वेळ धरून ठेवणारा चार जागांचा बफर लिहिला. अ‍ॅटॉमिक मोडमध्ये प्रोग्रॅम शेवटपर्यंत धावतो. टायमिंगमध्ये मात्र १८४४६७४४०७३७०९५५१६१५ या टिकवर (सिम्युलेटरच्या घड्याळाच्या ठोक्यावर) सिम्युलेशन बंद पडतं. डीबगरमधून (चालू प्रोग्रॅममध्ये डोकावायच्या साधनातून) मेमरी वाचली तर कधीकधी जुनीच किंमत दिसते. रिपोर्टात अ‍ॅटॉमिकचे आकडे दिले तर चालतील?
— एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : नाही चालणार, बाये. आधी तो भलामोठा आकडा बघ. २चा ६४वा घात, वजा १. सिम्युलेटरला मोजता येणारा हा शेवटचा टिक. तुझा प्रोग्रॅम काही तिथवर धावला नाही. सिम्युलेटरच्या रांगेत एकही घटना उरली नाही म्हणून घड्याळ थेट टोकाला गेलं. म्हणजे कोणीतरी कोणाची तरी वाट बघत बसलंय, आणि माझा संशय तुझ्या बफरवर आहे.

अ‍ॅटॉमिकमध्ये विनंती हा एकच फंक्शन कॉल. आत गेली, उत्तर घेऊन आली, सोबत किती वेळ लागला असता त्याचा अंदाज. गर्दी नाहीच, त्यामुळे बफर कधी भरत नाही. टायमिंगमध्ये विनंती-उत्तराला खरोखर वेळ लागतो, म्हणून तो भरतो आणि तू सीपीयूच्या नव्या विनंतीला 'नाही' म्हणतेस. इथवर ठीक. पण जागा झाली की रिट्राय, म्हणजे 'आता पुन्हा पाठव' हा निरोप, पाठवायचं कामही तुझंच. चोडणच्या फेरीबोटीत जागा नसली की स्कूटरवाला धक्क्यावर थांबतो. नंतर कोणी 'चल' म्हटलंच नाही तर तो बिचारा तिथेच. सीपीयू आपणहून पुन्हा विचारत नाही. उलट दिशेनेही तेच : उत्तर घ्यायला सीपीयूने नकार दिला तर ते उत्तराचं पॅकेट जपून ठेव, त्याचा रिट्राय आला की पुन्हा पाठव.

जुन्या किमतीचं कारण वेगळं. डीबगर फंक्शनल मोडने वाचतो. त्याला वेळ लागत नाही आणि तो टायमिंग चालू असताना मधेच टपकतो. नवी किंमत अजून तुझ्या बफरमध्ये पडून असते, आणि तू डीबगरला सरळ मेमरीकडे धाडतेस. आधी स्वतःच्या रांगेतली पॅकेटं तपास. पॅकेटच्या क्लासमध्ये 'ट्राय सॅटिस्फाय फंक्शनल' नावाचं फंक्शन त्यासाठीच दिलंय.

अ‍ॅटॉमिक अगदीच टाकाऊ नाही हं. लिनक्स बूट करायला, कॅश (सीपीयूजवळची छोटी, वेगवान मेमरी) भरून घ्यायला तोच वापर, मग टायमिंगच्या सीपीयूवर जा. दोन्ही मोड एका वेळी नांदत नाहीत. टायमिंगमधून परतताना सिस्टिम ड्रेन होते, म्हणजे वाटेत अडकलेली पॅकेटं आधी निकालात काढते. बफरमध्ये एक जरी पॅकेट असलं तरी तोवर 'रिकामा झालो' असं कळवू नकोस.

रिट्राय घातलास की बफर एकाच जागेचा करून चालव. अडायचंच असेल तर पहिल्या फटक्यात अडेल.