‘वाजवी निर्बंध’ कशासाठी घालता येतात?

‘वाजवी निर्बंध’ म्हणत सरकार काहीही बंद करू शकते, मग भाषणस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या राज्यघटनेच्या कलम १९ चा उपयोग काय, असे तुम्ही विचारले आहे. चीड समजते, पण निर्बंध वाजवी आहे का हा नंतरचा प्रश्न. आधी विचारायचे, निर्बंध घातला कशासाठी? भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांसाठी कलम १९(२) मध्ये आठच कारणे आहेत: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. नववे कारण कितीही उदात्त असले तरी चालत नाही.

याचा उत्तम दाखला मराठी वृत्तपत्राचाच आहे. १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश यांनुसार दैनिकाने किती किमतीला किती पाने द्यायची हे केंद्र सरकार ठरवणार होते. ‘सकाळ’पुढे दोनच वाटा उरल्या: किंमत वाढवा, नाहीतर पाने कमी करा. दोन्हींत वाचक तुटणार. सरकारचे म्हणणे वरकरणी बिनतोड होते. बड्या दैनिकांपुढे छोटी टिकत नाहीत, त्यांना जगवणे लोकहिताचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. जनहितासाठी धंद्यावर निर्बंध घालता येतो, ती सोय १९(६) मध्ये आहे. १९(२) मध्ये जनहित हे कारणच नाही. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा खटला का नसतो, कोण जाणे.

आता ‘वाजवी’बद्दल. १९५० च्या मूळ १९(२) मध्ये हा शब्द नव्हताच. त्याच वर्षी एका साप्ताहिकावरील बंदीबाबतच्या रोमेश थापर खटल्यात सरकार हरले आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सुव्यवस्था, परराष्ट्र संबंध व चिथावणी ही कारणे वाढवून घेतली. त्याच दुरुस्तीत ‘वाजवी’ आला. त्यामुळेच न्यायालयाला निर्बंध तपासून पाहता येतो. तुम्ही ज्याला दोष देता, तोच तुमच्या बाजूचा आहे.

शिवाय निर्बंध कायद्यानेच घालावा लागतो. नुसते खात्याचे परिपत्रक पुरत नाही, हे राष्ट्रगीत न गाणाऱ्या विद्यार्थ्यांबाबतच्या १९८६ च्या बिजो इमॅन्युएल निकालात स्पष्ट झाले.

तुमची तक्रार खरी ठरते ती अंमलबजावणीत. आक्षेपार्ह किंवा त्रासदायक ऑनलाइन मजकुराला शिक्षा देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ‘६६अ’ २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द झाले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि चिथावणी देणे यांत न्यायालयाने फरक केला. आडकाठी फक्त चिथावणीच्या टप्प्यावर. त्रासदायक किंवा न आवडणारे बोलणे त्यात बसत नाही. तरीही पुढे कित्येक वर्षे पोलीस ठाण्यांत ‘६६अ’खाली गुन्हे नोंदले जात राहिले आणि २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. म्हणून कुणावर पोस्टवरून गुन्हा नोंदला गेला, तर वकिलाकडे जाताना एफआयआरची प्रत घेऊन जा आणि पहिल्यांदा कलमे तपासून घ्या.