अडकलेला काटा आणि छाती न उघडता झालेली शस्त्रक्रिया

प्रश्न : जेवताना आईच्या घशात पेडवे माशाचा काटा अडकला. नेहमीप्रमाणे आम्ही तिला सुक्या भाताचे गोळे आणि केळे गिळायला लावले. दुसऱ्या रात्री छातीत कळा येऊन ताप भरला. अन्ननलिकेला भोक पडल्याचे निदान झाले आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. छाती न उघडता आतली जखम नीट शिवली गेली असेल का? चार दिवस झाले, तरी पेजसुद्धा का देत नाहीत?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण ती चिरेच्या लांबीवर अडली आहे. या आजारात खरा प्रश्न असतो तो भोक पडल्यापासून किती तास गेले आणि बाहेर सांडलेली घाण किती निघाली, हा. पोट आणि आतड्यांवर असते तसे बाहेरचे चिवट आवरण अन्ननलिकेला नसते. त्यामुळे भोक पडले की लाळ, अन्न व जंतू थेट हृदयाभोवतीच्या पोकळीत उतरतात आणि पहिल्या चोवीस तासांनंतर धोका झपाट्याने वाढतो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञ एका बाजूचे फुप्फुस तात्पुरते मिटवतात आणि बरगड्यांमधल्या तीन-चार लहान छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत जातात. पू धुऊन काढल्यावर शल्यविशारद अन्ननलिकेच्या स्नायूची चीर मुद्दाम थोडी वाढवतात, कारण आतल्या अस्तराची फाट बहुधा बाहेरून दिसते त्याहून लांब असते आणि तिची दोन्ही टोके दिसल्याशिवाय घातलेला टाका फसवा ठरतो. मग अस्तर आणि स्नायू वेगवेगळे शिवून वर जवळच्या ऊतीचे ठिगळ लावतात. तोंडावाटे घातलेल्या एंडोस्कोपमधून (कॅमेरा असलेल्या लवचिक नळीतून) हवा सोडली आणि शिवणीवर ओतलेल्या पाण्यात बुडबुडे आले नाहीत, तर शिवण पक्की. बाकी सारे उघड्या शस्त्रक्रियेसारखेच, फक्त बरगड्या ताणाव्या लागत नसल्याने वेदना कमी होतात आणि रुग्णाला खोल श्वास घेऊन खोकता येते. रक्तदाब ढासळलेल्या रुग्णाची मात्र छाती उघडणेच शहाणपणाचे. भोक मानेत असेल, तर मानेवरची छोटी चीर पुरते.

भाताच्या गोळ्याचा उपाय गोव्यात घरोघरी चालतो आणि बहुतेक वेळा काटा आपसूकच खाली जात असल्याने श्रेय गोळ्याला मिळते. अडकलेला काटा मात्र त्या दाबाने भिंतीत अधिक रुततो. शिवाय माशाचा काटा साध्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. लाळही गिळता येत नसेल, तर काहीही खाऊ-पिऊ न घालता शक्य तर दोन, फार तर सहा तासांत एंडोस्कोपी व्हावी. बांबोळीला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात नेताना काटा केव्हा अडकला, ती वेळ कागदावर लिहून न्यावी.

पेजेबद्दल : शिवण ओली असताना तिच्यावरून घोट जाऊ नये म्हणून लहान आतड्यात घातलेल्या नळीतून अन्न दिले जाते. साधारण आठवड्याभराने एक्स-रेत दिसणारे, पाण्यात विरघळणारे औषध पाजून चित्र काढतात. त्यात गळती दिसली नाही, की आधी पाण्याचा घोट मिळेल, मग पेजेची निवळ.