वाचकांचे प्रश्न : गेलेल्या माणसांविषयी लिहिताना

प्रश्न : गेल्या जत्रेपासून यंदाच्या जत्रेपर्यंत आमच्या गावातील चौदा माणसे गेली. त्यांची आठवण राहावी म्हणून तरुण मंडळाने एक छोटी पुस्तिका काढायचे ठरवले आहे आणि मी निवृत्त शिक्षक असल्यामुळे लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिली तीन टिपणे लिहून झाली, पण तिन्ही सारखीच झाली आहेत. ‘मनमिळाऊ, कष्टाळू, सर्वांच्या मदतीला धावून जाणारे’ असे प्रत्येकाविषयी लिहिले गेले असून नावांची अदलाबदल केली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. त्यातील एक टिपण सोबत पाठवत आहे. माझे काय चुकते आहे? (एक वाचक, तालुका पाटण)

उत्तर : गुरुजी, आपले चुकलेले नाही, आपण वर्तमानपत्रातील निधनवार्तेचा साचा उचलला आहे, एवढेच. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्य निरुपयोगी नाही. कोणत्या घरी भेटायला जायचे हे लांबच्या सोयऱ्याधायऱ्यांना त्यावरून कळते. आपल्या पुस्तिकेच्या वाचकाला मात्र ते घर आधीच ठाऊक असते. त्या घरातला माणूस दिवसभर काय करत होता आणि कशावरून अडून बसत होता, हे पुढच्या पिढीला ठाऊक नसणार आणि लिहायचे आहे ते नेमके हेच.

आपल्या टिपणात ‘ते काही वर्षे मुंबईस गिरणीत नोकरीस होते’ असे एक वाक्य आहे. माझ्या मते सगळे टिपण त्या वाक्यातच आहे. कोणती गिरणी, कोणते खाते, पाळी कोणती, गावकऱ्यांच्या खोलीत ते किती जणांत राहत, जेवण कोणत्या खानावळीत, गावी पैसे मनिऑर्डरने येत की जत्रेला येणाऱ्या माणसाच्या हाती, हे विचारा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पाटण, शिराळा, खंडाळा या तालुक्यांत व कोकणात ट्रंका घेऊन माणसे परत आली. त्यांतील कित्येक पुन्हा गेलीच नाहीत. आज आपल्या गावात पंच्याहत्तरी-ऐंशीत जाणाऱ्या पुरुषांपैकी कितीजण त्या ट्रंकांबरोबर आले होते, हे एकदा मोजून पाहा. परतल्यावर जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी काय केले आणि भावकीने त्यांना वाटा कसा दिला, तेही विचारा. यावर लोक थोडे कचरत का होईना, पण बोलतात.

विशेषणांवर माझा भरवसा का नाही, ते सांगतो. माझे एक चुलते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, होते. ते गेल्यावर मी त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तेव्हा भेटेल त्याने एकच शब्द सांगितला, ‘शांत’. मीही तोच लिहून मोकळा झालो असतो. दहाव्यानंतर त्यांच्या धाकट्या सुनेशी बोलताना ती सहज म्हणाली, ‘‘शांत कुठले? मामंजींना ऐकूच येत नव्हतं.’’ साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेले होते आणि लोकांत हसे नको म्हणून ते गप्प बसत. गावी आल्यावर त्यांनी पिठाची गिरणी टाकली. जात्याचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते तळहात यंत्राच्या अंगावर ठेवून उभे राहत आणि पट्टा सैल झाला की नुसत्या थरथरीवरून ओळखत. दळण घेऊन आलेल्या पोरांना वाटे, आजोबा यंत्राला शाबासकी देत आहेत. मीही त्याच पोरांतला एक होतो. गावाने चाळीस वर्षे ज्याला स्वभाव म्हटले ते मुळात दुखणे होते, आणि सुनेने ते एक वाक्य बोलले नसते तर तेही त्यांच्याबरोबर गेले असते.

म्हणून ‘ते कसे होते?’ असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर विशेषणातच येते. ‘सकाळी उठल्यावर ते आधी काय करत?’, ‘कोणते काम दुसऱ्या कोणाला करू देत नसत?’, ‘त्यांच्याशी शेवटचे भांडण कशावरून झाले?’ असे विचारा. भांडणाच्या प्रश्नाला फार चांगली उत्तरे येतात.

वयाच्या बाबतीत सावध राहा. आधार कार्डावरचा १ जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावरचा १ जून यांवर विसंबलात, तर निम्मे गाव दोनच दिवसांत जन्मले असे दिसेल. गुरुजी, यातील १ जूनचे श्रेय आपल्याच व्यवसायबंधूंकडे जाते! त्यापेक्षा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माणूस केवढा होता, हे विचारावे. आपल्या तालुक्यात तर त्या पहाटेची आठवण प्रत्येक घरात असणार. तसाच १९७२ चा दुष्काळ. त्या वर्षी कोणत्या रस्त्याच्या किंवा पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, सुकडी (दुष्काळी कामावरचा पौष्टिक खाऊ) कोठे वाटली जाई, मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी कशी लागे, हे सांगताना माणसे आपले आणि शेजाऱ्याचेही वय बिनचूक सांगून जातात, शिवाय तो तलाव कोणाच्या हातांनी झाला हेही आपल्या पुस्तिकेत येते.

प्रश्न : माझ्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. गावच्या स्मरणिकेत त्यांच्याविषयी ‘कै. अमुक यांच्या पत्नी, धार्मिक वृत्तीच्या होत्या’ एवढीच ओळ आली आहे. पुढच्या अंकासाठी मी नव्याने लिहावे असे मंडळाने सुचवले आहे, परंतु घरातील पुरुषांना विचारले तर ‘आई घरचंच बघायची’ यापलीकडे काही सांगता येत नाही. (एक वाचक, जिल्हा सांगली)

उत्तर : ताई, आधी त्यांचे नाव शोधा. सासरचे नाव नव्हे, माहेरचे. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि पहिले नाव तिथेच पुसले गेले, असे त्या पिढीतील असंख्य बायकांचे झाले. पुढे त्यांना थोरली, अमक्याची आई किंवा नुसत्या माहेरच्या गावावरून हाक मारली गेली. ते पहिले नाव आता बहुधा एखाद्या भावजयीला किंवा माहेरच्या म्हाताऱ्या मैत्रिणीलाच माहीत असेल. फोनवर विचारण्यापेक्षा एकदा त्यांच्या माहेरी जाऊन या. परत येताना नावापेक्षा पुष्कळ अधिक घेऊन याल.

घरातील पुरुषांना विचारून उपयोग नाही, हे आपल्या ध्यानात आलेच आहे. ज्या बायका त्यांच्याबरोबर भांगलायला जात, एका जात्यावर बसत किंवा दुपारी ओसरीवर वाकळ (गोधडी) घालत, त्यांना विचारा. वाकळ तर घरात असेलच. ती अंथरून तिच्याभोवती दोघी-तिघींना बसवा आणि मग प्रश्नच विचारू नका. ‘हे तिच्या लेकीच्या परकराचं’, ‘हे मालकांचं धोतर, ते गेल्यावर फाडलेलं’ असे एकेका चिंधीवर बोट ठेवून त्या आपण होऊन बोलू लागतील. टाक्यांची धाव कडेने सुरू होऊन फिरत फिरत मध्याकडे येते, तेव्हा एखाद्या बाजूला टाके मोठे आणि वाकडे दिसले तर तेही दाखवा. ते दुसऱ्या हाताचे असतील, किंवा डोळे अधू झाल्यानंतरचे. कोणत्या साली दिसेनासे झाले हे घरात कोणाला सांगता आले नाही, तरी वाकळ सांगेल. ओव्या कोणाला येत असतील तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून घ्या. त्यांत भावाचे आणि माहेरच्या वाटेवरच्या गावांचे उल्लेख असतात व पुष्कळदा सासूविषयीची तक्रारही. ती गाळू नका.

मंडळाला आणखी एक सांगावे. पती गेलेल्या घरी माहिती घ्यायला माणसे जातात, तेव्हा बोलतात ती मुले आणि पुतणे. सगळ्यांत जास्त ठाऊक असलेली बाई आतल्या खोलीत बसलेली असते. शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढून घेणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. ठरावाने जे होईल ते होवो. आपण निदान आतल्या खोलीपर्यंत जावे. तेराव्याच्या आत मात्र विचारू नये. महिना-दीड महिन्याने, पाहुणे पांगल्यावर, जेव्हा कोणी बोलायलाच उरत नाही, तेव्हा जावे.

प्रश्न : पुस्तिकेत नावांचा क्रम कसा लावावा, यावरून आमच्या मंडळात वाद आहे. काहींच्या मते मानाप्रमाणे लावावा, तर काहींच्या मते देणगीदारांच्या घरची माणसे आधी घ्यावीत. शिवाय एका तरुणाने आत्महत्या केली असून त्याच्याविषयी लिहावे की नाही, हेही ठरत नाही. (एक कार्यकर्ता, जिल्हा बीड)

उत्तर : क्रम मृत्यूच्या तारखेचा. मरताना कोणी मान पाहत नाही, तेव्हा मंडळानेही पाहू नये. चौकातील श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा हे पैशावर ठरते, आणि ज्यांचा फ्लेक्स कधीच लागत नाही अशी माणसे कोण, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पलीकडच्या वस्तीतील माणूस, सालगडी, ऊसतोडीला गेलेले असताना परमुलखातच वारलेले कोणी, या सर्वांची नावे मुद्दाम शोधावी लागतील. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि मृत्यू २१ दिवसांत कळवावा लागतो. पण नोंद मृत्यू जेथे झाला तेथे होते, त्यामुळे कारखान्याच्या अड्ड्यावर गेलेल्या माणसाची नोंद आपल्या ग्रामपंचायतीत सापडणार नाही. मुकादमाला आणि त्याच टोळीतील जोडप्यांना विचारा.

त्या तरुणाविषयी अवश्य लिहावे. आई-वडिलांची परवानगी घ्यावी, मजकूर छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवावा आणि शेवटच्या दिवसाचे तपशील कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. कारणाविषयी गावात चालणारी कुजबुज तर नाहीच नाही. तो कबड्डीत चढाईला जात असेल, शेळ्यांना लाडाची नावे देत असेल, ते लिहावे.

प्रश्न : अशी नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वी होती का, की हे नवीनच खूळ आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पद्धत होती, पण प्रत्येक पद्धतीत काही ना काही सुटत असे. गावाच्या वेशीवरच्या वीरगळांत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांत, खाली लढाई, वर अप्सरांसह स्वर्गाला निघालेला वीर, त्याच्यावर शिवपिंडीची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले दिसतात. बहुतेकांवर त्या वीराचे नाव मात्र नसते. महसूल दप्तरातील कोतवाल बुकात, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत (गाव नमुना १४), नाव, जात आणि तारीख आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचकांना बसवून हीच बुके पुन्हा उघडली गेली. त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वंशावळी आहेत. आमच्या कोल्हापूर भागात सुगीनंतर हेळवी येत, दारात बसून घराण्यातील पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचून दाखवत आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जात. आमच्या घरी त्यांनी पणजोबांच्या भावाचे नाव वाचले, तेव्हा आजीने ‘‘तो विहिरीवरचा, मोटेच्या नाड्याला गाठ नीट मारायचा नाही’’ असे आतून ओरडून सांगितले. हेळव्याने ते ऐकले, मान डोलावली, पण वहीत लिहिले नाही, कारण त्यासाठी वहीत रकानाच नव्हता.

आपल्या पुस्तिकेत तो ठेवा. प्रत्येक नावाखाली अर्धे पान कोरे सोडा आणि जत्रेच्या आदल्या दिवशी प्रती वाटा. मुंबई-पुण्याची माणसे त्या रात्री गावात असतात. पुस्तिका वाचून चुका काढतील, वाद घालतील आणि त्या कोऱ्या जागेत पेनाने लिहितील. दुसऱ्या दिवशी तीच प्रत मागून घ्या.