मातीविना पालेभाज्या : पाने पिवळी का पडतात?

प्रश्न : पुण्यात आमच्या गच्चीवर पीव्हीसी पाइपमध्ये मातीविना पालक आणि लेट्यूस लावले आहे. पाणी बोअरवेलचे असून त्यात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद व पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे विद्राव्य खत मिसळतो. सुरुवातीला वाढ चांगली होती. आता नवी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत. खताचे प्रमाण वाढवावे का?

उत्तर : खत मुळीच वाढवू नका. नव्या पानांत शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडणे, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. लोह जुन्या पानांतून नव्या पानांकडे सहजासहजी जात नाही, म्हणून कोवळ्या पानांना त्याची झळ आधी बसते. बोअरवेलच्या जड पाण्यातील बायकार्बोनेटमुळे सामू (पीएच, म्हणजे पाण्याची आम्ल-विम्लता) वाढतो आणि साधे लोह अविद्राव्य होऊन मुळांच्या उपयोगाचे राहत नाही.

परंतु मूळ दोष खताच्या निवडीत आहे. १९:१९:१९ मध्ये कॅल्शियम व मॅग्नेशियम नसते, आणि त्यातील नत्राचा मोठा भाग सामान्यतः युरियाच्या रूपात असतो. जमिनीतील जिवाणू युरियाचे अमोनियम व पुढे नायट्रेट करतात. पाइपमधील स्वच्छ पाण्यात हे काम फारसे होत नाही, त्यामुळे ते नत्र रोपांना नीट मिळत नाही. १८६०च्या दशकात जर्मनीत युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप या शास्त्रज्ञांनी केवळ क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखवली, तेव्हाही क्नोप यांच्या द्रावणाचा मुख्य घटक कॅल्शियम नायट्रेट हाच होता.

टाकी रिकामी करून पावसाचे किंवा आरओचे पाणी निदान निम्मे तरी मिसळावे. कॅल्शियम नायट्रेटचे संहत द्रावण एका बाटलीत, तर मॅग्नेशियम सल्फेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, पोटॅशियम नायट्रेट आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये दुसऱ्या बाटलीत ठेवावीत. ही दोन्ही संहत द्रावणे थेट एकत्र केल्यास जिप्सम व कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो, म्हणून ती टाकीतील भरपूर पाण्यात एकामागून एक घालावीत. सामू ५.५ ते ६.५ आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) १ ते १.५ मिलिसिमेन्स प्रति सेंमीच्या दरम्यान असावी. लोह चिलेटेड रूपातच, म्हणजे ते विरघळलेले ठेवणाऱ्या सेंद्रिय रेणूशी बांधलेलेच घ्यावे. अशा रेणूंपैकी ईडीटीएशी बांधलेले लोह साधारण ६.५ सामूपर्यंत टिकते, त्याहून अधिक सामूला डीटीपीएशी बांधलेले बरे.

मुळेही एकदा अवश्य पाहा. ती पांढरी असतील तर चिंता नाही. तपकिरी व बुळबुळीत झाली असतील तर ती कुजत आहेत. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना सुमारे ७.५, आणि नेमक्या त्याच वेळी मुळांची गरज वाढते. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरील टाकी सावलीत झाकून ठेवावी, हवा देणारा लहान पंप लावावा, आणि माझ्या मते लेट्यूसचा हट्ट थंडीपुरताच ठेवून उन्हाळ्यात माठ लावावा.

पिवळी झालेली पाने पूर्ण हिरवी होतीलच असे नाही. उपचार लागू पडला की नाही, हे त्यानंतर फुटणाऱ्या पानांवरूनच ठरवावे.