दिवाळीच्या सुट्टीत बेळगावचा किल्ला तलाव मुलांना दाखवण्यासारखा आहे का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून दोन लहान मुलांना घेऊन येताय, एक संध्याकाळ मोकळी आहे, ती तलावावर घालवावी की सरळ चोर्ला घाटाने गोवा गाठावा. लहान मुलं घेऊन अंधारात घाट उतरू नका. तलावावर जा. तास-दीड तास पुरतो.

"त्यात काय आहे बघायला?" हे मी घरातच इतकी वर्षं ऐकतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझे धाकटे दीर पुण्याला असतात. दर दिवाळीला इथं बेळगावातल्या वडगावच्या घरी येतात आणि भाऊबीज झाली की सुरू, "वहिनी, बेळगावात मुलांना न्यायला जागाच नाही." एका वर्षी मी हट्टाने सगळ्यांना रिक्षात घातलं. (कानडीत कोटे केरे म्हणा नाहीतर मराठीत किल्ला तलाव, रिक्षावाल्याला दोन्ही कळतं. मध्यवर्ती बसस्थानकापासून तर चालतही जाता येतं.)

गेल्या गेल्या मी मुलांना खेळायला सोडलं नाही. आधी झेंड्याच्या खांबाकडे नेलं. 2018 साली उभारलेला 110 मीटरचा खांब आहे, वर बघताना मान अवघडते. नेमका त्या दिवशी झेंडा उतरवलेला. इथल्या वाऱ्यात एवढं मोठं कापड टिकत नाही, फाटतं. भाऊजी लगेच म्हणाले, "झेंडा नाही, होडी बंद. आता काय खांब बघायचा?" माझी पुतणी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला मी खांबाभोवती एक फेरी मारायला लावली आणि सांगितलं, "चुकलीस तर आम्हाला शोधत फिरायचं नाही. इथं येऊन उभं राहायचं, काकू येणार." भाऊजी म्हणाले, "वहिनी, सगळ्यांकडे मोबाईल आहेत." सहा वर्षांच्या पोरीकडे कुठला मोबाईल?

सहा वाजले, अंधार पडला. सुट्टीत अख्खं गाव तिथं लोटतं. गिरमिटाच्या गाड्यावर (गिरमिट म्हणजे कांदा-टोमॅटोच्या फोडणीत कालवलेले चुरमुरे) मी पैसे देईपर्यंत पोर शेजारी नाही. भाऊजी फोन हातात घेऊन फाटकाकडे धावले, जाऊबाई पाण्याच्या कठड्याकडे. त्या काळ्या पाण्याकडे बघून माझ्याही पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. पण मी खांबाकडे गेले.

ती तिथंच उभी होती. नाक लाल, एका मुठीत गिरमिटाचा कागद चुरगळून धरलेला. शेजारी एक कन्नड बाई तिचा दुसरा हात धरून "अळब्याड, अळब्याड" म्हणत होती, म्हणजे रडू नको. पोरीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी तिनं त्या बाईचा हात सोडला नव्हता. बाईनं मला मोडक्या मराठीत सांगितलं, मी हिला पोलिसांकडे नेत होते, पण ही खांब सोडायला तयार नाही, "काकू येणार" एवढंच म्हणते.

भाऊजी आजही म्हणतात, "तुमच्या तलावापायी पोरगी हरवली होती." हरवली गर्दीत. अशी गर्दी पुण्यातही असते आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही. सापडली खांबापाशी, कारण तिला ती जागा पायाखालून घालवली होती. म्हणून सांगते, गेल्यावर आधी मुलांना तिथं न्या. लांबून बोट दाखवून भागत नाही, आणि "झेंड्याखाली ये" असंही सांगू नका. झेंडा कधी असतो कधी नसतो, खांब कायम असतो.

जवळच किल्ला आहे. आत 1204 सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तिच्या छतातून दगडी कमळ उलटं उमललेलं आहे. माझ्या मते बेळगावात मुलांना दाखवावं असं यापेक्षा सुंदर काही नाही. उजेड असताना आधी तेच बघा, मग तलावावर या. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे आहे, दिसेल त्या रस्त्याने आत शिरू नका.

आणि हो, होडीचं मुलांना आधीच कबूल करू नका, चालू असली तर बसा. दिवाळीनंतर संध्याकाळी इथं थंडी पडते, स्वेटर लागतील, डासही असतात. तुमचं मूल अगदीच हात सोडून पळणारं असेल तर भाऊबीजेच्या आसपासची संध्याकाळ टाळा, सकाळी जा. गिरमिट तिखट असतं, मुलांसाठी मिरची कमी घालायला सांगा.