‘असिस्टंट मॅनेजर’ सोडून ‘ट्रेनी’ व्हायचं?

“हुद्दा सोडून खालच्या जागेवर गेलो तर कायमचा मागे पडेन का?” करिअरविषयी बोलायला येणाऱ्या तरुणांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. कुणी बँकेतला असतो, कुणी आयटीतला. सुशांतची गोष्ट सांगते, त्याच्या परवानगीने. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

सुशांत २७ वर्षांचा, बी.ई. मेकॅनिकल. पुण्यात एका कंपनीत ‘असिस्टंट मॅनेजर, व्हेंडर डेव्हलपमेंट’. एसी ऑफिस, व्हिजिटिंग कार्ड, हातात ३८ हजार. आणि समोर आलेली जागा कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मेथड्स विभागात. पद ट्रेनी इंजिनिअर, पगार २८ हजार. मेथड्स म्हणजे ओतकामाची आखणी: वितळलेला धातू साच्यात कुठून शिरेल, किती वेगाने भरेल, फीडर, म्हणजे थंड होताना आकसणाऱ्या धातूला जादा धातू पुरवणारा साठा, कुठे बसवायचा, हे सगळं ठरवणं.

“मॅडम, मला जावंसं वाटतंय, पण लोक विचारतील, काढून टाकलं का म्हणून.”

मी आधी लोकांचा विषय घेतलाच नाही. गेल्या महिन्यात रोज काय काम केलंस ते सांग म्हटलं. पुरवठादारांना मेल, एक्सेलमध्ये तारखा, माल कधी येणार याचे फोन, साहेबांसाठी प्रेझेंटेशन. मग विचारलं, दोन वर्षांपूर्वी येत नव्हतं आणि आज येतं, असं काय आहे? तो बराच वेळ थांबला. “फॉलो-अप चांगला घेतो आता,” म्हणाला आणि स्वतःच हसला.

दुसरा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येकाला विचारते: कुणी सांगितलेलं नसताना, पगाराशी संबंध नसताना, कामातलं काय करत बसतोस? त्याने मोबाइल काढला. त्यात कापलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतून बनवलेल्या भागांचे, फोटो होते. रिजेक्शनच्या, म्हणजे सदोष म्हणून नाकारलेल्या मालाच्या, वादासाठी कंपनीने त्याला एका पुरवठादाराकडे पाठवलं होतं. वाद अर्ध्या तासात मिटला, पण तिथल्या मेथड्सवाल्या काकांजवळ हा संध्याकाळपर्यंत बसून राहिला. गुळगुळीत, गोल पोकळी असेल तर आत वायू अडकलेला. साच्याच्या वाळूतला ओलावा बघायचा. खडबडीत, वेडीवाकडी पोकळी जाड भागात असेल तर तो श्रिंकेज, म्हणजे धातू आकसल्याने पडलेली पोकळी. तो भाग शेवटी थंड होतो आणि तोवर फीडरमधला धातू संपलेला असतो. मला कळतंय की नाही याची त्याने पर्वाच केली नाही, सांगत सुटला.

इथे एक सांगायला हवं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे एडगर शाइन यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांचा अनेक वर्षं मागोवा घेऊन ‘करिअर अँकर’ ही कल्पना मांडली: कामातली अशी एक गोष्ट, जी माणूस सहसा सोडायला तयार नसतो. काहींना हातातली तांत्रिक हुकूमत सुटली की चैन पडत नाही, काहींचा जीव माणसं आणि व्यवहार सांभाळण्यात रमतो. सुशांतच्याच खुर्चीत दुसरा कुणी असता, तर त्या फोनाफोनीतूनच तो वाटाघाटी शिकला असता. तेव्हा ‘फॅक्टरीत शिकायला मिळतं, ऑफिसात नाही’ असा अर्थ कृपया काढू नका.

पैशाचा हिशेब त्यालाच मांडायला लावला. पुण्यातली खोली, मेस, पेट्रोल, दर पंधरवड्याला गावी येणं, यातच १६ हजार जात होते. कोल्हापुरात तो घरी राहणार. बहिणीच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता दोन्हीकडे भरता येत होता. पैशाची भीती कागदावर उतरवल्यावर बरीच आटोपली. उरले वडील.

ते पुढच्या भेटीला आले. उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलेले. “तीस वर्सं हुबा हाय मी मशिनवर, मॅडम. पोराचं हात काळं हुऊ नयेत म्हणूनच शिकिवलं. आन् ह्यो परत भट्टीकडंच निघालाय. स्थळाच्या बायोडाटावर काय लिवायचं, ट्रेनी?”

हुद्द्याचा मोह वगैरे शब्द अशा माणसापुढे काढू नयेत. ज्या घरात पहिल्यांदा खुर्ची आली, तिथे खुर्चीचं मोल असतंच. मी त्यांना विचारलं, जॉब बिघडला की शॉपमध्ये कुणाला बोलवायचे? “मलाच की,” ते म्हणाले, “पण पगार सायबाला जास्ती.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच आहे. फक्त म्हटलं, म्हणूनच सुशांतने शिकण्याबरोबर पगाराचंही आधी बोलून घ्यावं.

‘शिकायला मिळेल’ या आमिषावर वर्षानुवर्षं कमी पगारात राबवणारे मालक काही कमी नाहीत. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेल्या शिकाऊ उमेदवाराचा करार नोंदवावा लागतो, प्रशिक्षणाची मुदत ठरलेली असते. कंपनीने आपल्या मनाने दिलेल्या ‘ट्रेनी’ या पदाला तसा आधार नसतो. म्हणून होकार देण्याआधी सुशांत रजा टाकून फाउंड्रीत जाऊन आला. मी शिकणार कुणाच्या हाताखाली? रिजेक्शनची रोजची मीटिंग होते, तिथे मला बसू द्याल का? आधीचे ट्रेनी आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फारसं बरं नव्हतं: एक मोठ्या फाउंड्रीत मेथड्स बघतो, दुसरा अजून इथेच नोंदी भरतो. त्या दुसऱ्याशीही बोलून ये, असं मी सांगितलं. त्याने कधी काही मागितलंच नव्हतं, असं त्या बोलण्यातून निघालं. सुशांतने मागितलं. सहा महिने सॅंड लॅब (वाळूची तपासणी), कोअर शॉप (साच्यातले गाभे बनवणं) आणि मेल्टिंग (धातू वितळवणं), मग मेथड्स, असं मालकांनी मेलवर कबूल केलं. पगारवाढीबद्दल मात्र ‘बघू’ एवढंच.

बाप-लेकांनी आपसांत एक ठरवलं: अठरा महिन्यांत निदान एका जॉबची मेथड, म्हणजे एका भागाच्या ओतकामाची आखणी, त्याने स्वतः केलेली असावी, नाहीतर दुसरीकडे बघायचं. तोवर बायोडाटावर वडील ‘फाउंड्रीत इंजिनिअर’ लिहितात. खोटं नाही ते.

सॅंड लॅबमध्ये सहाचे नऊ महिने झाले, तेव्हा त्याने तो मेल मालकांना दाखवला आणि मेथड्समध्ये गेला. परवा आला होता पगाराचं कसं बोलायचं हे विचारायला. एका हाउसिंगमधला (यंत्राच्या बाहेरच्या कवचातला) श्रिंकेज फीडरची जागा बदलून त्याने बराच कमी केलाय. आधीच्या आणि नंतरच्या रिजेक्शनचे आकडे बरोबर होते. मालकांसमोर आधी ते आकडे ठेवायचे की आधी अपेक्षा सांगायची, यावर आम्ही तासभर घालवला. आकडे आधी, असं ठरलं. मालक परदेशी प्रदर्शनाला गेलेत, महिनाअखेरीस परततील.