कंबोडियातलं अंगकोर वाट एका दिवसात बघायचं तर लोकल गाईड घ्यावा का?

हो, नक्की घ्या, आणि लायसन्सवालाच घ्या. मी गाईडसोबत फिरलोय म्हणून सांगतो, पश्चिमेच्या गॅलरीत भिंतीवर कोरलेल्या कुरुक्षेत्राच्या त्या गर्दीत बाणांवर पडलेले भीष्म त्याने बोट दाखवल्यावरच दिसले, आणि पूर्वेकडचं समुद्रमंथन तर जवळपास ४९ मीटर लांब आहे, मधे विष्णू, खाली कूर्म, सावकाश बघावं असंच काम आहे ते. दुसऱ्या सूर्यवर्मन राजाने १२व्या शतकात बांधलेलं विष्णूचं देऊळ हे, आपल्याला कथा माहीत असतात त्यामुळे गाईडशी गप्पाही मस्त रंगतात. फक्त एका दिवसात अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम एवढीच देवळं धरा, बांते स्रेईचं देऊळ लांब पडतं, त्याला वेगळा दिवस ठेवा. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, नाहीतर वरच्या मजल्यावर सोडत नाहीत.